प्रश्न उघडा ठेवून लिहिताना

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला निबंध म्हटले की ‘नदीचे आत्मवृत्त’, ‘मी पंतप्रधान झालो तर’ आणि ‘विज्ञान : शाप की वरदान’ हे विषय आठवतात. यांतला तिसरा तर आम्हां सर्वांचा तोंडपाठ होता. आधी शाप लिहायचा, मग वरदान लिहायचे आणि शेवटी ‘विज्ञानाचा वापर कसा करायचा हे मानवाच्याच हाती आहे’ असे म्हणून सुभाषिताने गोड शेवट करायचा. प्रश्नपत्रिका हाती पडण्यापूर्वीच निबंधाचा शेवट ठरलेला असे आणि मधली दीड पाने त्या शेवटापर्यंत शहाण्यासारखी चालत जात. या वळणावर दहा-बारा वर्षे काढून आलेल्या मुलामुलींना मी नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाला लेखन शिकवते. त्यांच्याकडून मी जो निबंध लिहून घेते, त्याचा शेवट मात्र लिहिणाऱ्याला आधी ठाऊक असून चालत नाही. पुस्तकी मराठीत त्याला शोधपर निबंध म्हणता येईल. आमच्या वर्गात त्याचे नाव नुसते ‘एक्सप्लोरेटरी’ असे पडले आहे.

या निबंधाचे नियम सांगायला सोपे आणि पाळायला अवघड आहेत. आरंभी सिद्धान्त मांडायचा नाही, प्रश्न मांडायचा, आणि तो असा हवा की ज्याचे उत्तर लिहिणाऱ्याला खरोखरच माहीत नाही. मग ज्या क्रमाने साधने हाती आली त्याच क्रमाने त्यांची हकीगत द्यायची : हा लेख काय म्हणतो, त्यावर कितपत विसंबता येते, आणि तो वाचून माझा मूळ प्रश्न कुठे सरकला. जिथे पोहोचलो तिथे थांबायचे, भले ते ठिकाण अर्ध्या वाटेवरचे असो. मुलांना सर्वांत जास्त खटकतो तो हा शेवटचा नियम. “मॅडम, निष्कर्ष नाही लिहिला तर मार्क कशाचे?” हा प्रश्न दरवर्षी पहिल्याच तासाला येतो, आणि तो विचारणाऱ्या मुलावर मला कधीही रागावता आलेले नाही, कारण आजवर त्याला मार्क निष्कर्षाचेच मिळालेले असतात.

हा प्रकार आपल्याकडे आला तो अमेरिकेतल्या कॉलेजांमधून. तिथे पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो पुढे रसायनशास्त्र शिको की हिशेबशास्त्र, लेखनाचा वर्ग सक्तीचा असण्याची प्रथा जुनी असून हार्वर्डमध्ये तिची सुरुवात १८८५ च्या सुमारास झाली. ग्रंथालयातून दहा पुस्तके आणून त्यांतले उतारे जोडून काढलेल्या निर्जीव प्रबंधांना कंटाळून केन मॅक्रोरी या प्राध्यापकाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असा आग्रह धरला की विद्यार्थ्याने स्वतःला नडणारा प्रश्न घ्यावा आणि आपण काय शोधले याबरोबरच कसे शोधले हेही प्रथमपुरुषी लिहावे. त्याही मागे जायचे तर फ्रान्समधला निबंधकार मोंतेन्य आहेच. त्याचे निबंध १५८० मध्ये प्रथम छापले गेले आणि १५९२ मध्ये मरेपर्यंत तो त्यांत भर घालत राहिला. मत बदलले तरी जुने वाक्य खोडण्याऐवजी त्याच्या शेजारी नवे लिहिण्याकडे त्याचा कल होता. वर्गात मी एवढेच सांगते की आपल्याला खोडरबर वापरायचे नाही.

मराठीत मात्र निबंध हा वादाच्या आखाड्यात वाढला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये निबंधमाला सुरू केली तेव्हापासून आपल्या निबंधाला एक ठाम, प्रतिपक्षाला नामोहरम करणारा आवाज मिळाला. त्या आवाजाची ताकद मला मान्य आहे, पण त्याला ‘मला अजून कळलेले नाही’ हे वाक्य उच्चारता येत नाही. एका वर्षी मी मुलांना आपल्या शास्त्रांतल्या पूर्वपक्षाचा दाखला देऊन पाहिला. विरोधी मत प्रथम पूर्ण ताकदीने मांडायचे आणि मगच आपले म्हणणे सांगायचे, ही रीत खरोखर उमदी आहे. तरीही तो दाखला नीट बसला नाही. पूर्वपक्ष मांडणाऱ्याच्या खिशात सिद्धान्त आधीपासून तयार असतो, आणि आमच्या निबंधात खिसा रिकामाच हवा.

विषय निवडताना मुले पहिल्यांदा आकाशाकडे पाहतात. कृत्रिम बुद्धिमत्ता, हवामानबदल, समाजमाध्यमांचा तरुणांवरील परिणाम. असल्या विषयांना घरून बाहेर न पडता उत्तरे मिळतात आणि हल्ली तर मोबाईलवर प्रश्न टाकला की पाच नीटस परिच्छेद क्षणात हजर होतात, शेवटी सुभाषितासकट. म्हणून माझी एकच अट असते : प्रश्नाचा निदान एक पुरावा तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असला पाहिजे. या अटीमुळे वर्गात नाराजी पसरते, आणि मग हळूहळू बरे प्रश्न येऊ लागतात. अमुक रिक्षास्टँड मीटर का टाकत नाही, एपीएमसीतला, म्हणजे वाशीच्या घाऊक बाजारातला, कांदा आमच्या भाजीवाल्याकडे येईपर्यंत किती हातांतून जातो, सीवूड्सजवळ रोहित पक्षी कधीपासून उतरू लागले.

अलीकडच्या एका वर्षी वाशीजवळच्या एका गावठाणात राहणाऱ्या विद्यार्थिनीने आणलेला प्रश्न असा होता : ‘आमच्या भागात दर पावसाळ्यात पाणी का साचते आणि नालेसफाई नीट का होत नाही?’ तिच्या दारात पाणी येत होते, त्यामुळे कळकळ खरी होती. परंतु या वाक्याच्या उत्तरार्धात उत्तर आधीच बसलेले होते. नालेसफाई होत नाही म्हणून पाणी साचते, हे तिने गृहीत धरले होते आणि राहिलेले काम फक्त दोषी शोधण्याचे होते. मी तिला प्रश्न बदलायला सांगितले नाही. पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता आले आणि किती वाजता ओसरले, याची वही ठेव, एवढेच सांगितले. पावसाळा सरत आला होता, पण सप्टेंबरने त्या वर्षी आमच्यावर कृपा केली.

वहीने पहिले काम केले ते प्रश्न मोडण्याचे. धो धो पाऊस पडूनही एका दुपारी गल्ली कोरडी राहिली, आणि दुसऱ्या एका दिवशी मध्यम सरीतच पाणी पायरीला लागले. नाले जर तुंबलेलेच असतील तर दोन्ही दिवशी सारखेच तुंबलेले असणार. मग वर्तमानपत्रांत पावसाळ्यात छापून येणारे मोठ्या भरतीचे वेळापत्रक तिने वहीशेजारी ठेवले आणि पाणी चढल्याच्या वेळा भरतीच्या वेळांशी जुळू लागल्या. इथे तिचा प्रश्न पहिल्यांदा सरकला. आता तो असा झाला : ‘पाऊस आणि भरती एकत्र आली की आमच्या भागातले पाणी कुठे जायचे ठरलेले आहे?’ हे वाक्य तिने ज्या दिवशी वर्गात वाचून दाखवले त्या दिवशी, अर्धा निबंध झाला, असे मी मनातल्या मनात म्हटले.

ठरलेले काय होते, हे तिला नवी मुंबईच्या नियोजनाविषयीच्या लेखांत सापडले. हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना १९७० ची. ठाणे आणि तेव्हाचा कुलाबा या जिल्ह्यांतल्या पंचाण्णव गावांच्या जमिनीवर शहर उभे करायचे होते आणि त्यातली खाडीलगतची बरीच जमीन मोठ्या भरतीच्या पातळीहून सखल होती. म्हणून डच धर्तीवर धारण तलाव आखले गेले. पावसाळी गटारे या तलावांना येऊन मिळतात. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये बांध असतो आणि बांधात झडपा असतात. भरतीचे पाणी चढले की त्याच्याच दाबाने झडप मिटते आणि खाडी आत शिरत नाही. तेवढे काही तास शहराचे पाणी तलावात साठत राहते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने झडप उघडते आणि तलाव खाडीत रिता होतो. आपल्यातले कितीतरी लोक संध्याकाळी ज्या पाण्याच्या काठी फेऱ्या मारतात त्याला सौंदर्यस्थळ समजतात, पण मुळात तो शहराचा श्वास धरून ठेवणारा भाग आहे.

पुढचे साधन तिच्यासाठी अधिक कठीण होते. या तलावांत वर्षानुवर्षे गाळ बसला, गाळावर तिवरे, म्हणजे खारफुटीची झाडे, उगवली, आणि पाणी धरण्याची जागा कमी झाली. मग गाळ काढत का नाहीत? कारण मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभर खारफुटीच्या तोडीला मनाई केली आणि २०१८ मध्ये दिलेल्या निकालाने ते संरक्षण कायम केले. सार्वजनिक कामासाठी खारफुटी हटवायची असली तरी न्यायालयाची परवानगी लागते. तो आदेश कशासाठी आला, हेही तिने वाचले. भराव टाकून, बांध घालून, भरतीचे पाणी अडवून खाडीकाठची खारफुटी मारण्याचे उद्योग सर्रास चालले होते. म्हणजे एक चांगली गोष्ट दुसऱ्या चांगल्या गोष्टीच्या आड उभी होती. खाडीच्या कडेला लाटांचा मारा अडवून गावाला राखणारे तिवर तलावाच्या आत मात्र आपल्या मुळांशी गाळ थोपवून धरते. ती माझ्याकडे आली तेव्हा वैतागलेली होती. “मॅडम, आता मी कोणाच्या बाजूने लिहू?” मी म्हटले, “बाजू नको घेऊ. हाच वैताग जसा आहे तसा लिही.” तिने तो लिहिला, आणि तो परिच्छेद त्या निबंधातला सर्वांत जिवंत परिच्छेद ठरला.

तोपर्यंतची सगळी साधने छापील होती. चौथे साधन घरातच, ओटीवरच्या खाटेवर बसलेले होते, आणि नातीला ते साधन आहे असे वाटलेच नव्हते. जमीन संपादन होण्यापूर्वी आजोबा खाडीलगतच्या खार जमिनीत भात लावत. नातीने धारण तलावाची आकृती वहीत काढलेली पाहून त्यांनी विचारले, हे काय आहे? तिने सांगितले, तसे ते म्हणाले, “ही तर उघारी. पानीच दार लावतं, न् पानीच उघरतं.” शेताभोवती मातीचा बांध, बांधाला लाकडी दाराची उघाडी, भरतीला ती आपोआप मिटणार आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडणार. बांधाला खांड पडली तर रात्री-अपरात्री सगळे गाव चिखल घेऊन धावे, कारण एकदा खारे पाणी शेतात बसले की पुढची काही वर्षे तिथे भात धरत नसे. भरतीची वेळ काढायला त्यांना छापील वेळापत्रक लागत नव्हते. तिथीची पाऊणपट करायची की झाले : पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. नातीने आपल्या वहीतल्या तारखा पंचांगाशी लावून हा हिशेब तपासला, आणि तो थोड्याफार फरकाने बरोबर निघाला. हा तपासणीचा तक्ता तिने निबंधात जोडला आहे. आजोबांचा शब्द प्रमाण न मानता तो पडताळून पाहण्याची बुद्धी तिला आपणहून झाली, याचे मला त्या हिशेबाहून अधिक कौतुक वाटले.

आता धोका निराळाच होता. पुढच्या कच्च्या खर्ड्यात एकदम सूर चढला. आपल्या पूर्वजांना हे सगळे ठाऊकच होते, डच लोकांकडून शिकायची गरजच काय, आधुनिक नियोजनाने पारंपरिक ज्ञानाकडे पाठ फिरवली, वगैरे. ज्या निबंधाने एवढा वेळ उत्तराला दाराबाहेर थोपवून धरले होते, त्यात ते मागच्या दाराने आत आले होते. परंपरेचा गौरव करणारे उत्तर ऐकायला फार गोड लागते आणि परीक्षकही त्याला सहसा विरोध करत नाहीत, म्हणून तर ते अधिक जपून हाताळावे लागते. मी समासात एवढेच लिहिले : भाताच्या खाचरात दिवसभर गोडे पाणी उभे राहिले तर आजोबांना चालत होते का? ते चालत होतेच. किंबहुना हवेच होते. उघाडीचे काम खारे पाणी बाहेर ठेवण्याचे होते, पावसाचे पाणी घाईने काढून देण्याचे नव्हते. तळमजल्यावरच्या घराला आणि वाहनतळाला तासभरही उभे पाणी चालत नाही. शिवाय शेतजमीन पावसाचा काही भाग पिऊन टाकते; डांबर आणि काँक्रीट जवळजवळ सगळाच पुढे ढकलतात. दार तेच असले तरी त्यामागचे घर वेगळे होते. हे तिने समजून घेतले आणि चढलेला सूर खाली आणला. पण मूळचा गौरवाचा परिच्छेद काढून न टाकता त्याखालीच ‘हे लिहिल्यावर मला विचारले गेले की…’ अशी सुरुवात करून दुरुस्ती जोडली. मोंतेन्यची गोष्ट तिने मनावर घेतली होती म्हणायची.

आजोबांची बाजू कागदावर कुठे आहे का, याचाही तिने शोध घेतला. १९४८ चा खार जमिनींचा कायदा आणि त्याची जागा घेणारा १९७९ चा खारभूमी विकास कायदा तिला सापडला. ठाणे जिल्ह्याचा १८८२ चा इंग्रजी गॅझेटिअर तिने राज्य शासनाच्या दर्शनिका विभागाच्या संकेतस्थळावर वाचला. त्यात मिठागरांविषयी आणि खाऱ्या जमिनीला बांध घालून ती भाताखाली आणण्याविषयी मजकूर आहे, पण तो महसूल गोळा करणाऱ्याच्या नजरेने लिहिलेला, म्हणजे कोणाच्या नावावर किती शेतसारा हे पाहणारा. रात्री चिखल घेऊन धावणारा गाव त्यात शोधावा लागतो. साधन कोणी, कोणासाठी लिहिले हे पाहा, असे मी वर्गात नेहमी सांगते आणि मुले ते वहीत निमूटपणे उतरवून घेतात. आजोबा आणि गॅझेटिअर शेजारी ठेवल्यावर या मुलीला ते कोणी सांगावे लागले नाही.

ठाण्यात राहणाऱ्या मुलांना मी याच कामासाठी मराठी ग्रंथसंग्रहालयात पाठवते. १८९३ पासून उभ्या असलेल्या या संस्थेत जायला मुले कुरकुरतात, कारण हवी ती माहिती मोबाईलवर मिळते असे त्यांना वाटते. हवी ती मिळते हे खरेच आहे. नको असलेले, पण शेजारच्या फळीवर बसलेले पुस्तक मात्र मोबाईलवर हाताला लागत नाही, आणि प्रश्न सरकवण्याचे काम पुष्कळदा तेच पुस्तक करते.

संदर्भ कसे नोंदवायचे हा भाग मी इथे लांबवत नाही. आम्ही संदर्भ नोंदवण्याची एमएलए ही अमेरिकन पद्धत वापरतो आणि तिच्यात व्यक्तिगत मुलाखतीलाही रीतसर स्थान आहे : आधी आडनाव, मग नाव, मग मुलाखत आणि तारीख. आडनावाच्या वर्णक्रमाने आजोबा न्यायालयाच्या निकालाच्या अगदी लगेच वर आले. यादीची ती छापील प्रत त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली, असे नात सांगत होती.

राहता राहिले गुणांकन. संध्याकाळी वाशीहून ठाण्याला जाताना ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये मला बसायला जागा मिळते, ती रबाळे-ऐरोलीला गर्दी अंगावर येईपर्यंतच. तेवढ्या वेळात दोन-तीन निबंध वाचून होतात. हे निबंध तपासायला नेहमीच्या निबंधांहून जास्त वेळ लागतो, कारण शेवटचा परिच्छेद आधी वाचून अंदाज बांधण्याची आम्हा परीक्षकांची सवय इथे निरुपयोगी ठरते. मी गुण देते ते तीन-चार गोष्टी पाहून : प्रश्न किती वेळा आणि कोणत्या कारणाने बदलला, एखाद्या साधनाशी लिहिणाऱ्याचे खरोखर भांडण झाले का, आणि जे कळले नाही ते नेमकेपणाने सांगितले आहे का. ‘या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे’ या वाक्याला मी शून्य देते. कोणते संशोधन, कुठे जाऊन, कोणाला काय विचारून, हे लिहिले तर गुण देते. वर्गातल्या ज्या मुलांना नेहमी ऐंशीच्या वर गुण पडतात ती मुले इथे अडखळतात, आणि एरवी मागच्या बाकावर बसणारे कोणी अचानक पुढे येते. पूर्वी हे दोन्ही मला योगायोग वाटत असे, आता वाटत नाही. गुळगुळीत लिहिण्याचा सराव जितका पक्का, तितके अज्ञान कबूल करणे अवघड जाते. याला एक दुसरी बाजूही आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही : काही मुले ‘मला कळले नाही’ यालाच ढाल करतात, दोन लेख वाचून थांबतात आणि प्रश्न उघडा ठेवल्याचे श्रेय मागतात. उघडा ठेवलेला प्रश्न आणि टाकून दिलेला प्रश्न यांतला फरक वही पाहिली की कळतो, म्हणून वही सोबत जोडल्याशिवाय मी निबंध स्वीकारत नाही.

अभ्यासक्रमात या निबंधानंतर लगेच प्रतिपादनाचा निबंध येतो. तिथे मात्र बाजू घ्यावी लागते, दावा करावा लागतो आणि तो पुराव्याने टिकवावा लागतो. दोन्ही निबंध एकाच विषयावर लिहिण्याची मुभा असल्यामुळे त्या मुलीने तोच विषय पुढे नेला. पाणी का साचते याचे एक उत्तर देण्याच्या फंदात ती पडली नाही. तिने दावा केला तो एवढाच की सर्व धारण तलावांसाठी एकच परवानगी मागण्यापेक्षा प्रत्येक तलावाची खोली आणि त्यातले खारफुटीचे क्षेत्र वेगळे मोजून, जिथे उघडे पाणी शिल्लक आहे तिथला गाळ आधी काढावा. तिवरांनी भरून गेलेल्या तलावांचा विचार त्यांच्या बदल्यात पाणी धरायला दुसरी जागा दाखवता आली तरच करावा, असे तिचे म्हणणे होते. मला या दाव्यातला दुसरा भाग पटलेला नाही, कारण भरलेल्या शहरात दुसरी जागा कुठून आणायची याचा विचार तिने केलेला नाही, आणि तसे मी समासात लिहिले. तिने त्याखाली शिसपेनने उत्तर लिहून वही परत आणली आहे. आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे जुन्या बांधांच्या काही खुणा अजून दिसतात आणि त्या पाहायला मी ओहोटीच्या वेळी, म्हणजे दशमीला दुपारी दीडच्या सुमारास, गावात यावे, असे त्यात म्हटले आहे.